राहू दिलं म्हणून मालक झाला?

या महिन्याच्या टपालावर एका व्हॉट्सॲप मेसेजची सावली पडली आहे. बारा वर्षं एका जागेत राहिलं की सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ती जागा राहणाऱ्याची होते, असा तो मेसेज. पाठवणारा घरमालक असला तर खाली रडका चेहरा, भाडेकरू असला तर फटाके. काही वाचकांनी मेसेजची छपाई करून पत्राला टाचून पाठवलीय. चार पत्रं निवडली आहेत. नावं आणि गावं काढून टाकली आहेत, कारण कोल्हापुरात गल्ली आणि आडनाव सांगितलं की उरलेलं लोक स्वतःच सांगतात.

प्रश्न : वकीलताई, आमचा मळा करवीर तालुक्यात, नदीपासून लांब, उंचावर आहे. २००५ च्या महापुरात माझ्या आत्तीचं शिरोळ तालुक्यातलं घर पाण्यात गेलं. वडलांनी आतेभावाला बायकामुलांसकट आणलं आणि मळ्याच्या कोपऱ्यात तीन गुंठ्यांत पत्र्याचं शेड मारून दिलं. "पाणी उतरंस्तवर ऱ्हावा हितंच," एवढंच म्हणाले. पाणी उतरलं, पण पोरांच्या शाळेचं निमित्त झालं आणि ते राहिले. भाडं कधी घेतलं नाही, लिहूनही काही घेतलं नाही. २०१७ ला वडील वारले, सातबाऱ्यावर माझं, आईचं आणि बहिणीचं नाव लागलं. २०१९ च्या पुरानंतर आतेभावानं, म्हणजे दादानं, पत्रे काढून विटांच्या भिंती उभ्या केल्या, वर स्लॅब टाकला. मी विचारलं तर म्हणाला, "पोरगी लग्नाला आलीया, पावण्यांना पत्र्यात कुठं बसवू?" मी गप्प बसलो. आता माझ्या मुलाला तिथं घर बांधायचंय. गेल्या दिवाळीत जागा मोकळी करायचा विषय काढला तर दादानं मोबाईल पुढं केला. म्हणाला, "बारा वर्षं कवाच झाली. आता ही जागा माझी." लाईटचं मीटर त्याच्या नावावर, घरफाळ्याची पावतीही त्याच्या नावावर. खरंच जागा गेली का?

उत्तर : नाही गेली. पण तुम्ही भिताय ती गोष्ट वेगळी आणि भ्यायला हवी ती वेगळी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बारा वर्षांचं. १९६३ च्या मुदत कायद्यात ६५ वं कलम (वकील त्याला आर्टिकल म्हणतात) असं सांगतं की मालकी हक्कावरून ताबा मागायचा दावा बारा वर्षांत लावावा. बारा वर्षं कुठून मोजायची हेही तिथंच लिहिलंय : समोरच्याचा ताबा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून. तो राहायला आला त्या दिवसापासून नव्हे. व्हॉट्सॲपवाल्यांनी नेमकं हे अर्धं वाक्य गाळलंय. मुदत संपली की त्याच कायद्याच्या २७ व्या कलमानं मालकाचा हक्कच विझतो, त्यामुळं घड्याळ कधी सुरू झालं हाच सगळा खटला.

आता तुमचे आतेभाऊ २००५ ला कसे आले? कुंपण तोडून आले नाहीत. वडलांनी आणलं, शेड मारून दिलं. हा परवानगीचा ताबा. ज्यानं मालकाच्या "राहा" या शब्दावर पाय ठेवला, तो मालकाच्या विरुद्ध राहतोय असं कायदा धरत नाही, मग वर्षं वीस होऊ देत नाहीतर चाळीस. सुप्रीम कोर्टानं १९५७ च्या लक्ष्मी रेड्डी खटल्यापासून हेच सांगितलंय : विरुद्ध कब्जा म्हणवून घ्यायचा तर ताबा उघड हवा, सलग हवा, आणि मालकाच्या कृपेवरचा नको. परवानगीनं सुरू झालेला ताबा पुढं विरुद्ध होऊ शकतो, पण त्यासाठी राहणाऱ्यानं मालकाला कळेल अशा रीतीनं "मी तुम्हाला मालक मानत नाही" हे उघडपणे दाखवून द्यावं लागतं. मनात ठरवून चालत नाही. भावकीत चहाच्या टपरीवर बोलूनही चालत नाही.

तुमच्या पत्रावरून दादांनी हे पहिल्यांदा गेल्या दिवाळीत केलं. म्हणजे घड्याळ तिथून सुरू.

त्यांचे वकील एवढ्यावर थांबणार नाहीत. ते म्हणतील, परवानगी वडलांची होती, २०१७ ला वडील गेले तिथंच ती संपली. म्हणू देत. वडलांच्या मागं तुम्ही तिघांनी त्यांना राहू दिलं, म्हणजे तीच परवानगी पुढं चालू राहिली, हे तुमचं उत्तर. आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के मानलं तरी २०१७ अधिक बारा म्हणजे २०२९. आजच्या घडीला तुम्ही मुदतीत आहात. तोवर वेळ आहे असा अर्थ मात्र यातून काढू नका.

२००४ च्या कर्नाटक वक्फ बोर्डाच्या निकालात अशा माणसानं काय काय सांगायला पाहिजे ते कोर्टानं मोजून दिलंय : ताबा कोणत्या तारखेला घेतला, कशा स्वरूपाचा होता, मालकाला माहीत होता का, किती काळ चालला, उघड आणि विनाअडथळा होता का. दादांना कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, तारीख लिहावी लागेल. २००५ लिहिली तर महापूर आला, महापूर आला की मामानं घरी आणलं हे आलं. २०१९ लिहिली तर बारा वर्षं भरत नाहीत. मला तरी तिसरी तारीख दिसत नाही.

मग तो मेसेज कुठून निघाला? ७ ऑगस्ट २०१९ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात निकाल दिला. त्याआधी, २०१४ च्या एका निकालामुळं, विरुद्ध कब्जा ही फक्त बचावाची ढाल होती. मालकानं दावा लावला तरच पुढं करायची. २०१९ ला कोर्ट म्हणालं, ज्याचा विरुद्ध कब्जा खरोखर पुरा झालाय तो स्वतः वादी होऊनही दावा लावू शकतो. ढालीची तलवार झाली, एवढंच. विरुद्ध कब्जा म्हणजे काय, त्याला काय सिद्ध करावं लागतं, यातलं काहीच सैल झालं नाही. उलट जानेवारी २०२४ मध्ये ब्रिजनारायण शुक्ला खटल्यात त्याच कोर्टानं पुन्हा सांगितलं की भाडेकरूचा ताबा परवानगीचा असतो, त्याला घरमालकाविरुद्ध असा हक्क सांगता येत नाही. या निकालाचा मेसेज मात्र कुणी पाठवला नाही.

मीटर आणि घरफाळ्याची धास्ती सोडा. फाळा ज्याच्या नावानं भरला जातो तो मालक, असं कुठल्याच कायद्यात नाही. ती वसुलीची सोय आहे. मीटरच्या बाबतीत तर मी म्हणेन तो कागद तुमच्या बाजूचा निघू शकतो. जागा स्वतःची नसताना मीटर घेतलं तर अर्जासोबत सहसा मालकाची ना-हरकत जोडलेली असते. तुमच्या वडलांची सही असलेला तो कागद महावितरणच्या फायलीत असेल तर दादांनी स्वतःच्या हातानं "जागा मामाची" असं लिहून दिल्यासारखं आहे. ग्रामपंचायतीतही तेच. घरफाळ्याला नाव लावताना त्यांनी दिलेला अर्ज आणि त्यावर झालेला ठराव मागून घ्या. नक्कल दिली नाही तर दाव्यात कोर्टामार्फत फाईल हजर करवता येते. आणखी एक : जुन्या पुरावा कायद्याचं ११६ वं कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं १२२ वं, असं सांगतं की ज्याच्या परवानगीनं माणूस जागेत शिरला, त्याची त्या वेळची मालकी त्याला नाकारता येत नाही. परवानगी सिद्ध झाली की दादांचं तोंड इथं बंद होतं.

परवानगी तोंडी होती, आता सिद्ध कशी करायची? २००५ ला मळ्यावर कोण कोण होतं ते आठवा. शेड मारणारा सुतार, पत्रे पुरवणारा दुकानदार, शेजारच्या गटाचे मालक, तुमच्या आत्ती हयात असतील तर त्या. तुमच्या आईचा जबाब सगळ्यात मोलाचा, आणि वयाकडं बघता तो लवकर नोंदवून घ्यायची विनंती कोर्टाला करता येते. दादांनी २०१९ च्या पुरानंतर जुन्या गावच्या घराची पडझड दाखवून सरकारी मदत घेतली असेल, रेशनकार्ड किंवा मतदारयादीतलं नाव तिकडंच असेल, तर तेही काढा. त्यानं खटला जिंकत नाही, पण "इथं मालक म्हणून राहतोय" या बोलण्याला चिरा पडतात.

आता खरी काळजी. ती विटांच्या भिंतीत आहे.

१८८२ चा सुखाधिकार कायदा अजून लागू आहे. त्याच्या ५२ व्या कलमात अशा परवानगीची व्याख्या आहे आणि ६० व्या कलमात म्हटलंय की परवानगी मालकाला केव्हाही काढून घेता येते, पण दोन अपवाद सोडून. त्यातला दुसरा अपवाद तुमच्या मळ्यात उभा आहे : परवानगीच्या भरवशावर राहणाऱ्यानं खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी काढून घेता येत नाही. १९८७ च्या एका खटल्यात शाळेला जागा वापरायला दिली होती, शाळेनं तिथं इमारती उभ्या केल्या, आणि सुप्रीम कोर्टानं मालकाला "आता माघार नाही" असं सांगितलं. जरा अनुभवी वकील असला तर दादांना विरुद्ध कब्ज्याचं सोडून हेच बोलायला लावेल. म्हणेल, परवानगी होती, मान्य. म्हणूनच तर स्लॅब टाकला.

यावर तुमचं म्हणणं काय? परवानगी पत्र्याच्या शेडची होती, तीही पाणी उतरेपर्यंत. पक्कं घर बांधायला कुणी सांगितलं नाही, आणि ते बांधलं वडील गेल्यावर. बांधकाम परवानगीच्या हेतूसाठी, तिच्यावर विसंबून केलं, की स्वतःच्या सोयीसाठी केलं, हे कोर्ट बघतं, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी बांधणाऱ्यावर असते. तुम्ही "हे काय?" असं विचारलं होतं ते चांगलं झालं. पुढं गप्प बसलात ते त्यांच्या पथ्यावर पडेल. ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी घेतली होती का, त्यात जागेचा मालक म्हणून कुणाचं नाव टाकलं, हे या आठवड्यात तपासा. ही लढाई तुमच्या बाजूनं झुकलेली आहे असं मला वाटतं, पण पहिल्या प्रश्नाइतकी ती सरळ नाही.

काय करायचं ते सांगते. वकिलामार्फत स्पीड पोस्टानं नोटीस द्या : २००५ ला वडलांनी परवानगी दिली होती, ती आता काढून घेत आहोत, अमुक तारखेपर्यंत जागा मोकळी करावी. ६३ व्या कलमाप्रमाणं निघायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. संसार आहे, मुलांच्या परीक्षा असतील, तर तीन महिने दिलेत म्हणून बिघडत नाही. नोटिशीत चुकूनही "बेकायदेशीर अतिक्रमण" लिहू देऊ नका. तो शब्द वकिलांच्या बोटांत बसलेला असतो. २००५ पासून अतिक्रमण म्हणालात तर तुम्हीच त्यांना बारा वर्षं मोजून दिलीत. नोटिशीत दिलेली मुदत संपल्यावर ताब्याचा दावा लावा, सोबत जागा तिसऱ्याला देऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाई मागा, आणि ताबा मिळेपर्यंतची भरपाईही. आई आणि बहीण दोघींना वादी करा.

मुलगा तापट आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. त्याला सांगा, कुलूप तोडायचं नाही, पाण्याची लाईन कापायची नाही. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट दिलासा कायद्याच्या ६ व्या कलमाखाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळतो, मालक कोण हा प्रश्न तिथं निघतसुद्धा नाही. आणि "नाममात्र भाडं देतो, शंभराच्या स्टँपवर लिहून घेऊ" असा निरोप आला तर तोही आत्ता घेऊ नका. भाड्याची पावती फाडली की तुम्ही नवीनच नातं जन्माला घालता.

तडजोड मात्र नाकारू नका. ज्या आत्तीच्या घरात पाणी शिरलं तिचाच हा मुलगा आहे. त्यांना तीन गुंठे विकत देणार असाल तर तुकडेबंदीचा कायदा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणारा) आडवा येतो का ते आधी बघा. हे प्रकरण वर गेलं तर दुसरं अपील आता मुंबईला न्यावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. गाडीभाडं वाचलं. वर्षं वाचतील असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : मंगळवार पेठेत एका जुन्या वाड्याची राखण माझे यजमान १९९१ पासून करत होते. मालक मुंबईला. मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला, वर महिन्याला पगार. यजमान गेले, पगार बंद झाला, पण मी राहते, झाडलोट करते. आता वाडा बिल्डरला दिलाय म्हणून निरोप आलाय. एकजण म्हणतो, तीस वर्षं झाली, विरुद्ध कब्ज्याचा दावा टाकू, वाडा तुमचा करून देतो, आधी खर्चाला पैसे द्या. माझं वय बासष्ट. देऊ का?

उत्तर : देऊ नका, मावशी.

तुम्हाला बरं वाटेल असं लिहिता आलं असतं, पण त्याचा उपयोग नाही. २०१२ मध्ये गोव्याच्या एका घरावरून मारिया मार्गारिडा फर्नांडिस हा खटला सुप्रीम कोर्टात आला होता. तिथं कोर्टानं सरळ लिहिलंय की राखणदार, नोकर, काळजीवाहू यांनी कितीही वर्षं ताबा ठेवला तरी त्यांना मालमत्तेत हक्क मिळत नाही. ते मालकाच्या वतीनं राहतात. तुमच्या यजमानांना पगार मिळत होता, आणि तो मालकाच्या नावानं येत होता. विरुद्ध कब्जा म्हणायचा तर शपथेवर सांगावं लागेल की आम्ही मालकाला धुडकावून राहिलो. यजमानांनी तीस वर्षं ज्यांचा वाडा राखला त्यांच्याविषयी हे खोटं तुम्ही बोलणार का, आणि कोर्ट ते मानणार का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

एकच गोष्ट तपासा. पगारातून खोल्यांचं भाडं कापलं जात होतं का, किंवा यजमान गेल्यावर तुम्ही काही भाडं दिलंय का? पावती, मनीऑर्डरची पोचपावती, बँकेचं पासबुक काहीही चालेल. तसं असेल तर तुम्ही भाडेकरू आहात असं म्हणायला जागा आहे आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मागता येईल. पण तेव्हाही विरुद्ध कब्ज्याचं नाव काढायचं नाही. मी भाडेकरू आणि मीच मालक, ही दोन वाक्यं एका कैफियतीत बसत नाहीत. दोन्ही हातची जातात.

भाडं नसेल तर मागण्यासारखं काय उरतं? थकलेला पगार. नवीन खोली मिळेपर्यंतचा वेळ. सामान रस्त्यावर न टाकता रीतसर नोटीस. बिल्डरला जागा मोकळी हवी असते आणि लवकर हवी असते, त्यामुळं समजुतीनं बोललं तर हलवण्याचा खर्च आणि थोडी रक्कम बहुतेक वेळा निघते. हे हक्क म्हणून नाही, व्यवहार म्हणून. त्यासाठी वकील लागला तर पैसे देऊ नका : कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्नाची अट न घालता तिथं मोफत वकील मिळतो. आधार कार्ड आणि असतील ते कागद घेऊन जा. "वाडा तुमचा करून देतो" म्हणणाऱ्याला सोबत नेऊ नका.

प्रश्न : नोकरीमुळं मी पुण्यात. गावची दीड एकर शेजाऱ्याला अर्ध्या वाट्यानं कसायला दिलीय, चौदा वर्षं झाली. तो कारखान्याला ऊस स्वतःच्या नावावर घालतो, मला निम्मे पैसे रोख देतो. सातबाऱ्यावर पीकपाहणीतही त्याचं नाव दिसतंय. बारा वर्षं उलटून गेली. जमीन त्याची झाली का?

उत्तर : वाटा देतोय तोवर विरुद्ध कब्जा नाही. दरवर्षी निम्मे पैसे हातात ठेवतो म्हणजे दरवर्षी तुम्हाला मालक मानतो. त्या दाराला कडी आहे.

उघडं आहे ते शेजारचं दार, कुळाचं. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं ४ थं कलम असं आहे की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो कूळ मानला जातो. अपवाद म्हणजे मालकाच्या कुटुंबातला, रोजंदारीचा मजूर, कब्जेगहाणदार (गहाण म्हणून जमीन ताब्यात असलेला) आणि पगारी गडी. आणि गड्याच्या अपवादात एक मेख आहे : पगार रोख किंवा धान्यात चालतो, पिकाच्या वाट्यानं चालत नाही. म्हणून "तो आमचा गडी, वाटा हा त्याचा पगार" हे पुण्यातल्या नोकरदारांचं आवडतं उत्तर तहसीलदारापुढं टिकत नाही. गंमत अशी की परवानगीचा जो मुद्दा पहिल्या पत्रातल्या वाचकाला तारतो, तोच इथं तुम्हाला बुडवू शकतो. तुमच्या परवानगीनं कसतो म्हणूनच तो "कायदेशीरपणे" कसणारा ठरतो.

कृषक दिन, म्हणजे ज्या दिवशी या कायद्यानं कसणाऱ्या कुळांना मालक केलं तो १ एप्रिल १९५७, कधीच मागं पडला हे खरं. पण नंतर निर्माण झालेल्या कुळांसाठी कायद्यात ३२-ओ हे वेगळं कलम आहे आणि त्यात कुळाला जमीन विकत मागता येते. ऊस किंवा फळबागेसाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांना ४३-अ नं या कायद्यातून बरीच सूट आहे. आपल्याकडच्या निम्म्या कुळखटल्यांत या कलमाचं नाव निघतं. मात्र जमीन मुळात उसासाठीच दिली होती हे दाखवावं लागतं. चौदा वर्षांत मधे भात, भुईमूग, सोयाबीन काढलं असेल आणि तुमच्यात चिठ्ठीही नसेल तर कशासाठी दिली होती हे कोण सांगणार? कूळ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार ७० (ब) खाली तहसीलदाराचा. तुम्ही दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा लावलात आणि त्यानं कुळाचा मुद्दा काढला की तो मुद्दा ८५-अ खाली तहसीलदाराकडं जातो आणि तुमचा दावा तिथंच थांबून राहतो. किती काळ, ते विचारू नका.

आता पीकपाहणी. मालकाखेरीज दुसऱ्याचं नाव तिथं तलाठ्यानं आपल्या मनानं लावायचं नसतं. आधी तहसीलदाराकडं कळवायचं, चौकशी व्हायची, मग नोंद. तुमच्या नोंदीमागं तसा आदेश आहे का ते माहितीच्या अधिकारात मागा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज टाका. महसूल कायद्याच्या १५७ व्या कलमानं उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईतोवर खरी धरली जाते, म्हणून ती तशीच ठेवण्यात शहाणपण नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवरून शेतकऱ्याला स्वतः करता येते, पण फोटो बांधावर जाऊन काढावा लागतो. हंगामाला एकदा गावी या. ऊसाची नोंद कारखान्यात तुमच्या नावावर करून घ्या, बिल तुमच्या खात्यावर येऊ दे, आणि त्याला जे द्यायचं ते मजुरी म्हणून बँकेतून द्या. तो यापैकी कशालाच तयार होत नसेल तर त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला कोर्टात न जाता कळेल.

प्रश्न : शेजाऱ्याची बैलगाडी माझ्या वडलांच्या परवानगीनं आमच्या बांधावरून जायची. आता त्याचा मुलगा ट्रॅक्टर नेतो आणि म्हणतो, वीस वर्षं झाली, रस्ता आमचा. बंद करू का?

उत्तर : वाटेच्या हक्काला सुखाधिकार कायद्याच्या १५ व्या कलमानं वीस वर्षं लागतात, पण तिथंही "हक्क म्हणून" वापर लागतो. मेहरबानीनं वापरलेली वाट वीस वर्षांत हक्काची होत नाही.

तरी नांगर घालून एका रात्रीत बंद करू नका. तुम्ही अडवलं की तो १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडं जाईल आणि अडथळा दूर करायचा आदेश बऱ्याचदा लवकर मिळतो. त्याच्या शेताला दुसरी वाटच नसेल तर प्रश्न वेगळा. गरजेपोटीची वाट कायदा देतो, आणि महसूल कायद्याच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून रस्ताही मंजूर होतो. दुसरी वाट असेल, पाणंद असेल, तर गावनकाशावर ती दाखवून त्याला लेखी कळवा की वडलांची परवानगी बैलगाडीपुरती होती. पण त्याच्याही आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरा. तो बांध तुमच्या गटात येतो की त्याच्या, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही, आणि मोजणीची "क" प्रत हातात आल्याशिवाय मला दुसरं पत्र लिहू नका.